तलावाला वाहिलेलं हळदकुंकू

माझी बायको गेल्या दिवाळीआधी गेली. घरात माणसं आहेत, पण बोलायची सवय मला तिच्याशीच. म्हणून लिहितोय. शाळा लवकर सुटली, चुका होतील.

तिचे गुडघे गेले होते. उसात खुरपण करून गेले, दुसरं काय. नगरचा डॉक्टर म्हणाला, "कमरेएवढ्या पाण्यात रोज चालवा. नाहीतर अंथरूण धरतील." आमच्या गावाला, काष्टीकडं, नुसत्या विहिरी. त्यात बुडता येतं, चालता येत नाही. म्हणून नगरला मुलाकडं येऊन राहिलो. त्याच्या घराजवळ पोहायचा सार्वजनिक तलाव आहे.

तिथं साडी चालत नाही. सुनेनं नायलॉनचा अंगभर पोशाख आणला, डोक्याला रबरी टोपी. आरशात बघून ही म्हणाली, "बुजगावणं दिसतंय."

मी म्हणालो, "बुजगावण्याचे गुडघे दुखत नसत्यात."

त्यावर तिनं टोपी काढून माझ्या अंगावर फेकली.

तिचं माहेर पुणतांबा, गोदावरीचा काठ. नदीत उतरायच्या आधी हळदकुंकू वाहायचं, हात जोडायचे, मगच पाय टाकायचा, ही लहानपणापासूनची रीत. पहिल्याच दिवशी तलावाच्या काठावर तिनं टॉवेलातून पुडी काढली आणि मी "अगं" म्हणेपर्यंत पाण्यात झटकली. निळ्या पाण्यात लाल-पिवळा ढग पसरला. शिट्टी वाजली. तलावावरचा देखरेखीचा माणूस पळत आला, त्यानं सगळ्यांना वर काढलं. पोरं ओरडली, "आजीनं रंगपंचमी केली!"

"मावशी, काय टाकलं हे?"

"हळदकुंकू वाहिलं. इख न्हाई टाकलं."

"अहो, ही नदी नाही. इथं तेच पाणी गाळतो, औषध टाकतो आणि परत तेच सोडतो."

इथं सगळं फिसकटलं. ओरडा खाल्ल्याचं तिला काही वाटलं नाही, पण 'तेच पाणी' ऐकून तिचं तोंड वाकडं झालं.

"म्हंजी ह्या समद्यांच्या आंगुळीचं? न्हाई बाई. चला घरी."

मला डॉक्टरचं ते अंथरूण दिसायला लागलं. मी खेकसलो, "जन्मभर पाटाचं गढूळ पाणी तुडवलंस की!"

"तुडवलं. पन ते पुढं जात हुतं."

देखरेखीचा माणूस चांगला होता. जाळीनं रंगाचा गाळ काढता काढता तिला सांगत राहिला. काचेच्या नळीत पाणी घेऊन तपासणीचा थेंब टाकला, पिवळं झालेलं दाखवलं. म्हणाला, "पिवळं म्हणजे औषध आहे, जंतू मरतात. पण लोक घाम-तेल घेऊन उतरले की औषध त्यातच खपतं. आधी फवाऱ्याखाली अंग धुवा म्हणून ओरडतो, कोण ऐकतंय?"

तिनं फवाऱ्याकडं बघितलं. खालची फरशी कोरडी ठाक. मग माझ्याकडं बघितलं.

"तुमी केली का आंगूळ?"

"सकाळी घरी केली की."

"आन डोक्याला त्याल चोपडलंय ते? व्हा म्हागं."

लोक हसले. गेलो, काय करतो. साबण लावला. कानामागं राहिलंय म्हणून परत पाठवलं.

त्या दिवशी ती उतरली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. घरून साबण घेऊन यायची आणि फवाऱ्यापाशी बाकावर बसायची. येईल त्याला अडवायची. एका ढेरपोट्याला म्हणाली, "दाजी, पोट बिघडलं आसंल तर घरी बसा, नसंल तर आधी आंगूळ." तो चिडला, पण गुमान भिजला. पोरं तिला घाबरून आपणहून पाय घासायला लागली. मी रोज विचारायचो, "आता?" ती म्हणायची, "बघू." माझा जीव टांगणीला. तिकडं गुडघे आणखी सुजत होते.

एका दुपारी फवाऱ्याखालची फरशी वाळेनाशी झाली, तशी ती उठली. स्वतः फवाऱ्याखाली उभी राहिली आणि कठडा धरून उतरली. माझ्या दंडात नखं रुतवून चालली. मधे गेल्यावर म्हणाली, "सोडा."

"पडशील."

"सोडा म्हंते ना."

सोडलं. ती लंगडत नव्हती. लग्न होऊन आली तेव्हा चालायची तशी ताठ चालत पलीकडच्या भिंतीपर्यंत गेली. मागं वळूनही बघितलं नाही. मी तिथंच उभा.

बाहेर पायऱ्यांवर पुन्हा दुखलंच. गुडघे काही नवे झाले नाहीत. पण अंथरूण तिनं धरलं नाही. बाजारातून भाजी घेऊन आली आणि छातीत कळ आली, त्यातच गेली. भेटायला येणारे म्हणतात, चालतीफिरती गेली, भाग्याची. मला राग येतो. चालत होती ना? मग आणखी चालली असती.