दोन दिवस वाळवलेला कसावा

माझी मोठी बहीण अंशिया हिच्याइतकी कष्टाळू बाई किनाऱ्याजवळच्या आमच्या मोगिनक्वाल भागात दुसरी नव्हती. लढाई पेटली तेव्हा तिनेच आम्हाला कडू कसावा लावायला सांगितलं. गोड कसावा बंदूकवाले शेतातून उपटून कच्चाच खात. कडव्याला ते हात लावत नसत. आम्ही मात्र त्याची मुळं सोलून तीन आठवडे छपरावर वाळवायचो, मग कुटून पीठ करायचो. तेवढ्याने कडूपणा जायचा.

त्या वर्षी पाऊस झाला नाही. चवळी जळाली, किनाऱ्याकडचे मासे येईनात. बंदूकवाल्यांनी दोनदा छपरावरची वाळलेली मुळं ओढून नेली. तिसऱ्या खेपेला अंशियाने दोनच दिवसांत मुळं घरात घेतली.

"ताई, अजून ओली आहेत गं," मी म्हटलं.

"मग ठेव छपरावर. ते येऊन खातील, तू बघत बस."

तिची मुलगी झाकिया दहा वर्षांची होती. पहिल्याच घासाला म्हणाली, "आई, कडू लागतंय."

"कडू लागतंय तर उपाशी राहा."

झाकियाने खाल्लं. आम्ही सगळ्यांनीच महिनाभर तेच खाल्लं. डोकं गरगरायचं, उलट्या व्हायच्या. मग एक दिवस झाकिया नदीवरून पाणी घेऊन आली ती लटपटतच. सकाळी तिला उठता येईना. पाय ताठ झाले होते, गुडघे एकमेकांवर चढत होते. दुखत काहीच नव्हतं. पायाला मुंग्या आल्यात असं वाटून ती हसत होती.

ते पाय पुन्हा सरळ झाले नाहीत.

गावच्या जाणत्याने कुणाची तरी करणी असल्याचं सांगितलं. शेजारची म्हातारी मुआजुमा मागे एकदा म्हणाली होती, "काय भराभरा चालते ही पोरगी!" तेवढं पुरलं. अंशियाने स्वतःच्या हाताने तिच्या छपराला आग लावली. मी तिथेच होते, तिचा हात धरला नाही. मुआजुमा गाठोडं उचलून निघाली आणि एवढंच म्हणाली, "झाकियाची नाळ मी कापली होती, अंशिया."

पुढे लढाई संपली. त्यानंतर सात-आठ वर्षांनी आरोग्य केंद्राची नर्स गावात आली. तिने आमचं पीठ बाटलीत घालून पाणी ओतलं, वर पिवळ्या कागदाची पट्टी लटकवून बूच लावलं. दुसऱ्या दिवशी पट्टी तपकिरी झाली होती, म्हणजे पिठात अजून विष होतं.

"या मुळात एक साखर असते, तिला सायनाइड बांधलेलं असतं," नर्स म्हणाली. "ते सोडवणारा रसही मुळातच असतो, पण वेगळ्या कप्प्यात. कुटलं की दोन्ही भेटतात, विष सुटतं आणि वाऱ्यावर उडून जातं. त्याला वेळ द्यावा लागतो. पोटात चवळी, मासे असले तर अंग थोडं विष धुऊन टाकतं. नसले, तर ते पायांवर जातं."

"दोन दिवस वाळवलं तर?" अंशियाने विचारलं.

"तर खूपच राहतं."

"मुलगी कडू लागतंय म्हणाली असेल तर?"

नर्सने बाटलीतली पट्टी काढून तिच्या हातात ठेवली.

दुसऱ्याच दिवशी अंशिया मला घेऊन निघाली. दोन दिवस चालून आम्ही मुआजुमाच्या भाचीच्या गावी पोहोचलो. म्हातारी अंगणात बसली होती, डोळे गेलेले.

"आजी, झाकियाचे पाय माझ्याच हाताने गेले," अंशिया म्हणाली. "तुमचा काही दोष नव्हता."

"मला माहीत होतं."

"परत चला. मी घर बांधून देते."

"बोललीस ना? आता जा."

गावी येऊन अंशियाने आंब्याखाली सगळ्यांसमोर खरं सांगितलं. काहींनी मान फिरवली, कारण आग लावायला तेही आले होते. नंतर नर्सकडून शिकून ती घरोघर जाऊन पीठ ओलवून सावलीत पातळ पसरायला शिकवू लागली. तसं पाच तास ठेवलं की विष उडून जातं. झाकिया दोन काठ्यांवर, चवड्यांवर चालते आणि चटया विणते.

पुढच्या पावसाळ्यात मुआजुमा वारली. अंशिया मयताला गेली. प्रेताला अंघोळ घालायला बायकांनी तिला आत घेतलं नाही. ती कुंपणाबाहेर उभी राहिली, दफन होईपर्यंत.