माय दोन घरी जेवत होती

आधी शिल्पा मॅडमचं नाव लिहितो. त्या आमच्या नात्यातल्या नाहीत, गावच्या नाहीत, डॉक्टर पण नाहीत. कलबुर्गीच्या विद्यापीठात शिकतात. म्हाताऱ्या माणसांना घरात कोण सांभाळतं, त्यांची तब्येत कशी असते, याच्या अभ्यासासाठी गावोगाव फिरतात. त्या आल्या नसत्या तर आमच्या मायला काय झालंय हे आम्हाला ती गेल्यावरही कळलं नसतं.

रिपोर्ट आला त्या दिवशी डॉक्टरांनी आम्हा तिघा भावांना आत बोलावलं. "अन्ननळीचा कॅन्सर आहे. पुढं गेलेला आहे. इतके दिवस काय करत होता?" मी पुण्याहून आलो होतो, तिथं एका कंपनीच्या गेटवर वॉचमन आहे. सातवीत शाळा सुटलेला माणूस मी. पुढं म्हणजे किती पुढं, हे विचारायचं धाडस झालं नाही.

आमचे वडील, अप्पा, वारल्यावर मायची पाळी ठरली होती. दोन महिने मोठ्या अण्णाकडं मंठाळला, दोन महिने मधल्याकडं खटकचिंचोळीला. पुण्यात माझी एकच खोली, म्हणून मला पाळी नाही. आमच्याकडं याला कोणी वाईट म्हणत नाही. भांडण नको म्हणून चार माणसं बसून ठरवतात.

घास चावून बाजूला काढायची सवय मायला मंठाळला लागली. मोठ्या वहिनीला वाटलं, हिला मधल्या सुनेकडं जायची ओढ लागलीय. खटकचिंचोळीला गेल्यावर माय पाण्याच्या घोटाबरोबर घास ढकलायला लागली. मधली वहिनी फोनवर मोठीला म्हणाली, "तिकडं बरं गिळता येत होतं की! माझ्याच भाकरीला काटे हायत का?"

"माझ्याकडं तर अख्खी भाकर खायची. तूच काय घालायलीस तिला?"

हे खरं नव्हतं. पण सासू माझ्या हातचं खात नाही, हे कोणती सून कबूल करील? पाळी संपली की त्या घरची काळजी संपायची आणि दुसऱ्या घरी आजार पहिल्यापासून सुरू व्हायचा. माय गप्प. एकीकडं सांगितलं तर दुसरीला बोल लागणार, एवढंच तिच्या डोक्यात. मी फोन केला की, "बरी हाय बाबा. तू जेवलास का?" मीही वहिनींना म्हणायचो, मायचा रुसवा काढा.

शिल्पा मॅडम तिला आधी मंठाळला भेटल्या होत्या. पुढं कधीतरी त्या खटकचिंचोळीत आमच्या मधल्याच्या घरी शिरल्या, तर समोर तीच म्हातारी.

"अज्जी, तुम्ही मंठाळला होता ना?"

"व्हय बाई. आता हिकडची पाळी हाय."

मॅडमनी मंठाळला बघितलं तेव्हा मायच्या चांदीच्या बांगड्या मनगटात घट्ट होत्या. आता हात वर केला की कोपरापर्यंत घसरत होत्या. वहिनी म्हणाली, "रुसून बसल्यात. कामून रुसल्यात ते बी सांगत न्हाईत." मॅडमनी आपले प्रश्न बाजूला ठेवले आणि विचारलं, "अज्जी, रुसलात का घास अडकतो?"

मायनं छातीच्या मधोमध बोट ठेवलं. "हितं. आता भात बी हितंच थांबायलाय."

आमच्यापैकी एकानंही हे विचारलं नव्हतं.

मॅडमनी वहिनीकडून नंबर घेऊन तिथूनच मला फोन लावला. "दादा, हे रुसणं नाही. कलबुर्गीला आणा, मी येते." आणि आल्या. रांगेत आमच्याबरोबर उभ्या राहिल्या.

एंडोस्कोपी म्हणजे तोंडातून दुर्बिणीची नळी घालून आत बघतात. बायोप्सी म्हणजे आतला बारीक तुकडा काढून तपासायला पाठवतात. तुकड्याचा रिपोर्ट येईपर्यंत दोन्ही वहिन्या दोन बाकांवर तोंडं फिरवून बसायच्या. मधे मॅडम. एकदा म्हणाल्या, "माझे आईबाबा धारवाडला दोघंच आहेत. आणि मी दुसऱ्यांच्या अज्जी-अज्जांना, कोण सांभाळतं म्हणून विचारत फिरते." हसल्या, पण डोळे पुसले.

ऑपरेशन होण्यासारखं राहिलं नव्हतं. डॉक्टरांनी स्टेंट बसवला. स्टेंट म्हणजे बंद होत आलेली वाट उघडी ठेवणारी जाळीची नळी. "यानं आजार जाणार नाही. पातळ गिळता येईल, तेवढंच," डॉक्टर म्हणाले. "आणि आता घरं बदलू नका. काय पोटात गेलं, काय उलटून पडलं, हे रोज एकाच माणसानं बघितलं पाहिजे."

बाहेर आलो. माय कुणाकडं ठेवायची, हे आधी बोलायची सगळ्यांना भीती होती, मलाही. शेवटी माय म्हणाली, "पाळी मोडायला पुन्हा चार माणसं बोलवू नका रे. चहा कोण करत बसंल?"

मधली वहिनी रडत म्हणाली, "ऱ्हाऊ द्या माझ्याकडं. माझी पाळी सरली न्हाई अजून."

माय आता तिथंच आहे. मोठी वहिनी मंठाळहून एसटीनं येते, आंबील करते, चमच्यानं पाजते. अजून दोघी एकमेकींशी कामापुरतंच बोलतात. माय वाळत चाललीय. बरी होणार नाही, हे मी स्वतःला रोज सांगतो आणि तरी फोन वाजला की पहिलं विचारतो, आज काय गिळलं तिनं.

तुमच्या घरी कोणी म्हातारं माणूस पाळीनं राहत असेल, तर एकमेकांना खरं सांगा. खाल्लं नाही तर खाल्लं नाही म्हणा. तुमच्या हाताला नावं ठेवली तर ठेवू द्या. आणि त्या माणसाला विचारा, घास कुठं अडकतो.

शिल्पा मॅडम, धारवाडला तुमच्या आईबाबांवर कधी दवाखान्याची वेळ आली तर आधी मला फोन करा. मला इंग्रजी वाचता येत नाही. पण रांगेत उभं राहता येतं, डबा आणता येतो, बाकावर बसून जागता येतं. सुट्टी देवोत न देवोत, मी निघून येईन.