बिघडलेल्या नामाच्या वह्या

आधी नाव सांगते, मग काय घडलं ते सांगते. नाव लोटननाना. धुळ्याच्या कोर्टाच्या आवारात, पाण्याच्या टाकीशेजारी, पत्र्याच्या पेटीवर टाइपरायटर ठेवून ते बसायचे. कोणाचा अर्ज, कोणाचं प्रतिज्ञापत्र टाइप करून द्यायचे. ते माझे नातेवाईक नाहीत, गाववाले नाहीत, जातीचेही नाहीत. देवळात तर ते कधी जातच नाहीत. तरी रामाने तुझ्याकडे कोणाला पाठवलं, असं मला कोणी विचारलं तर मी त्यांचंच नाव घेईन. नाना हे वाचतील तर हसतील. हसू देत.

माझी शाळा पाचवीत सुटली, त्यामुळे लिहिण्यात चूकभूल होईल ती समजून घ्यावी. माहेर पिंपळनेरकडचं. लग्न होऊन जळगावला आले आणि माहेर लांब पडलं ते पडलंच. आमचे हे डाळ मिलमध्ये होते. तुरीचा एक दाणा दाताखाली फोडला की माल ओला की सुका ते अचूक सांगायचे, आणि शेठ त्यांच्या शब्दावर माल उतरवून घ्यायचे. भाड्याची एक खोली, सासूबाई, एक मुलगी आणि आम्ही दोघं. काही कमी आहे असं मला कधी वाटलं नव्हतं.

माघ महिन्यात शेठनी त्यांना मिलची फटफटी देऊन दोंडाईच्याला तूर बघायला पाठवलं. सोनगीरजवळ ट्रकला मागे टाकणारी एक जीप समोरून आली आणि तिने ह्यांना उडवलं. धुळ्याच्या दवाखान्यात ते वीस दिवस शुद्धीवर नव्हते. शुद्धीवर आले तेव्हा मी नारळ फोडला. मला वाटलं, सगळं परत मिळालं. हात शाबूत, पाय शाबूत, डोक्याला चार टाके. महिनाभरात केस वाढले आणि टाकेही झाकले गेले. पुढे तेच झाकलेले टाके आमच्या मुळावर आले.

घरी आलेला माणूस दिसायला तोच होता. पण जेवण झालं की हात न धुता पुन्हा ताटावर बसायचा. मुलीला बहिणीच्या नावाने हाक मारायचा. नळावर बादली घेऊन पाठवलं तर बादली भरून वाहायची आणि हे तिथेच उभे. एकदा शेजारी डाळ करपून धूर झाला, तरी ह्यांना वास आला नाही. कधी अचानक संताप यायचा, तवा भिरकवायचे, आणि घटकाभराने मलाच विचारायचे, "कोणी फेकला गं?" मिलमध्ये शेठनी दोन महिने सांभाळून घेतलं. मग एके दिवशी ह्यांनी ओला माल सुका म्हणून उतरवला, आणि शेठनी मला बोलावून सांगितलं, "बाई, ह्याला घरी ठेव. तुला डाळ निवडायला घेतो." तेव्हापासून मी डाळ निवडते. त्या दिवसांत मी एकदा मेहरूणच्या तलावापर्यंत एकटीच गेले होते. काठावर बसून आले. त्याहून जास्त लिहवत नाही.

आमच्या गल्लीतल्या राममंदिराचे पुजारीबुवा म्हणाले, "रोज एक पान रामनाम लिहायला बसव. हाताला वळण लागलं की डोक्यालाही लागेल." मला ते पटलं. मी वही आणली. पानाच्या डोक्यावर तारीख आणि तिथी मी घालायची आणि खाली ह्यांनी 'श्रीराम' लिहायचं. पहिल्या दोन ओळी मोत्यासारख्या यायच्या. तिसऱ्या ओळीत एखादं अक्षर अडकायचं, 'रा रा रा रा' असं पान संपेपर्यंत. कधी त्याच ओळीवर पुन्हा पुन्हा लिहून कागद फाटायचा. कधी मध्येच 'तूर ओली, तूर ओली' असं लिहिलेलं असायचं. वही भरली की देवापुढे ठेवून बुवांना दाखवायची रीत होती. मी एकही दाखवली नाही. देवाचं नाव माझ्या घरात असं मोडून पडतंय, हे मला मोठं पाप वाटायचं. भरलेल्या वह्या मी धान्याच्या कोठीमागे लपवत गेले. दोन वर्षांच्या वह्या झाल्या. तरी लिहवून घेणं सोडलं नाही. का सोडलं नाही ते आजही सांगता येणार नाही.

दरम्यान जीपच्या विमा कंपनीविरुद्ध नुकसानभरपाईचा दावा धुळ्याला लागला होता. ह्यांची साक्ष ठरली तशी सासूबाईंनी मला बसवून विचारलं, "माझ्या पोराला भर कोर्टात वेडा म्हणवून घेशील का? उद्या नातीला कोण करेल?" हीच भीती माझ्याही पोटात होती. मग मी एक काम केलं, ज्याची मला आजही लाज वाटते. पंधरा दिवस मी ह्यांना पढवलं. नाव काय, गाव कोणतं, पगार किती, मुलं किती, आज वार कोणता. बरोबर सांगितलं की चहाचा कप पुढे करायचा. चुकलं की कप मागे घ्यायचा. पोराला पाढे शिकवावेत तसं. पंधराव्या दिवशी त्यांना सगळं घडाघडा येऊ लागलं आणि मी रामाचे आभार मानले.

कोर्टात समोरच्या वकिलांनी नेमकं तेवढंच विचारलं. ह्यांनी इस्त्रीच्या शर्टात ताठ उभं राहून एक एक उत्तर बरोबर दिलं. वकील हसून म्हणाले, "शाबास! तब्येत छान दिसते तुमची."

"हो, छान आहे," हे म्हणाले. एवढं एकच मी शिकवलं नव्हतं.

बाहेर आल्यावर आमचे वकील माझ्यावर उखडले. "बाई, मी अर्जात लिहिलंय की ह्यांची बुद्धी गेली. आणि तुम्ही त्यांना पोपट करून आणलंत? आता डॉक्टरांचे दाखले घेऊन काय चाटायचे? स्वतःच्या हातांनी केस बुडवलीत!" देवासमोर खोटं, कोर्टासमोर खोटं, आणि ते खोटं माझ्यापेक्षा ह्यांनाच चांगलं जमलं.

त्या दिवशी वह्यांचं बोचकं मी बरोबर आणलं होतं. जळगावात कोणी ओळखीचं पाहील म्हणून पांझरा नदीत सोडायच्या ठरवल्या होत्या. साक्ष चांगली झाली की हात जोडून सोडेन, असं मनात होतं. आता वाटलं, नुसत्या टाकून द्याव्यात आणि नामही सोडावं. वकिलांशी बोलायला जाताना ह्यांना मी पाण्याच्या टाकीजवळ बसवून गेले होते. त्यांना उठवलं आणि बोचकं काखेत मारून निघाले.

"कथी चालनी व माय, एवढ्या उन्हमा?" टाइपरायटरच्या पेटीमागून म्हातारा आवाज आला. ते लोटननाना.

"नदीवर."

"हाऊ तुना मालक शे ना? तीन येळा माले इचारं, तुमचं गाव कोणतं. तीनदा सांगं. चौथ्यांदा इचारी ते मी टाइप करी देसू." असं म्हणून ते स्वतःशीच हसले, पण त्या हसण्यात टिंगल नव्हती. "बोचकामा काय शे?"

इतक्या दिवसांत कोणी मला काही विचारलं नव्हतं; सगळे सांगतच होते. मी तिथे खाली बसले आणि रडत सगळं सांगितलं, चहाच्या कपासकट. शेवटी म्हटलं, "रामाच्या वह्या आहेत, नाना. बिघडलेल्या."

"देवनं नाव बी बिघडस का?" म्हणत त्यांनी चष्मा लावला आणि एक वही उघडली. मग दुसरी. मग शेवटची. टाइपरायटरवर एक गिऱ्हाईक खोळंबलं होतं, त्याला त्यांनी हातानेच थांबवलं.

"ह्या तारखा कोनी टाक्यात?"

"मी."

"रोज?"

"रोज."

नाना बराच वेळ पानं उलटत राहिले. मग कोर्टात बोलतात तशा मराठीत म्हणाले, "बाई, ह्या नदीत टाकायच्या नाहीत. ह्या कोर्टात टाकायच्या."

"नको नाना, पाप लागेल. देवाच्या नावाची अशी दशा चारचौघांत दाखवायची?"

"पाप लागनं तर माले लागू दे. मी जयभीमवाला शे, तुना राम माले वळखत बी नही!"

त्या अवस्थेतही मला हसू आलं. कित्येक महिन्यांनी आलं असेल.

नाना मला घेऊन वकिलांकडे गेले आणि वह्या त्यांच्या टेबलावर ठेवून म्हणाले, "साहेब, तुमचा पोपट घरी काय लिहितो ते वाचा." वकिलांनी आधी कपाळाला आठ्या घातल्या, मग खुर्ची पुढे ओढली. त्यांनी एवढंच विचारलं, "हे आधी का नाही आणलं?" फेरसाक्षीचा अर्ज नानांनी त्याच दुपारी टाइप केला. मी पदराची गाठ सोडू लागले तर म्हणाले, "बांधी ठेव. एसटीले लागी." पुढे मेंदूच्या डॉक्टरांनी वह्या पाहिल्या, ह्यांना दोनदा तपासलं आणि साक्ष द्यायचं कबूल केलं.

नवी तारीख पाच महिन्यांनी पडली. एसटीत ह्यांच्या शेजारी बसले होते. एरंडोल गेलं, पारोळं आलं, आणि माझ्या ओठांवर सारखं येत होतं, 'आज वार कोणता?' सवयच लागली होती. मी ओठ आवळून धरले. मनात म्हटलं, रामा, हे जसे आहेत तसे तुझ्यापुढे आणते. नीटनेटके करून आणायची ताकद आता माझ्यात नाही. त्याला कोणी शरण जाणं म्हणत असतील. मला तर तेव्हा ते नुसतं हरल्यासारखं वाटलं होतं.

समोरच्या वकिलांनी वह्या हातातही घेतल्या नाहीत. म्हणाले, "बाईंनी साक्ष पढवली, तशा वह्याही लिहवून घेतल्या असतील." माझी मान खाली गेली, कारण अर्धं बोलणं खरं होतं. न्यायाधीशांनी थोडा विचार केला, एक कोरा कागद ह्यांच्यापुढे ठेवायला सांगितला आणि म्हणाले, "रोज लिहिता तसं लिहा."

ह्यांनी लिहायला घेतलं. पहिली ओळ सुंदर आली. दुसरीही. मला वाटलं, आजही तेच होणार, आजही सगळं बरोबर येणार. आणि नवऱ्याचं चुकावं म्हणून मी देवाचा धावा करत होते. कोणाही बायकोवर अशी वेळ येऊ नये. तिसऱ्या ओळीला हात अडखळला. मग 'रा रा रा' सुरू झालं, मग 'तूर ओली', मग पुन्हा 'रा'. कागद संपला तरी लेखणी थांबली नाही, टेबलावरच्या हिरव्या कापडावर पुढे चालू लागली. न्यायाधीश हळूच म्हणाले, "पुरे." ह्यांना ऐकू गेलं नाही. शेवटी मी परवानगी न विचारताच पुढे गेले आणि त्यांचा हात धरला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या स्पष्ट आवाजात विचारलं, "बरोबर आलं ना? आता चहा देशील?"

समोरच्या वकिलांनी पुढे एकही प्रश्न विचारला नाही.

निकाल पुढच्या वर्षी लागला. मागितलं होतं तेवढं मिळालं नाही, पण ह्यांची काम करण्याची शक्ती कायमची गेली, हे कोर्टाने मानलं. रक्कम बँकेत राहिली आणि व्याजावर घराचं भाडं आणि मुलीची शाळा चालते. हे बरे झाले नाहीत. होणार नाहीत, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं आहे. संध्याकाळी कधी मिलच्या दिशेने चालू लागतात, आणि त्यांना परत आणताना माझं काळीज दर वेळी नव्याने तुटतं. चमत्कार झाला असं मी म्हणत नाही. इतकंच म्हणते की मी रामाला चांगलं ते दाखवायला आणि मोडकं ते लपवायला धडपडत होते, आणि त्याने नेमकं मोडकंच हातात घेतलं. हे मला कळलं. पण कळलेलं सगळं अंगात मुरतं असं नाही, म्हणून शेवटचं एक सांगायलाच हवं.

निकालाची नक्कल द्यायला नाना स्वतः जळगावला आमच्या घरी आले. पोस्टाने पाठवली असती तरी चाललं असतं. म्हणाले, "मालकले भेटनं होतं." सासूबाईंनी नाव-गाव विचारलं, कुळ विचारलं, आणि पाणी दिलं ते खिडकीत वेगळ्या ठेवलेल्या ॲल्युमिनियमच्या पेल्यात. मी पाहिलं. मी चुलीपाशी उभी होते, हातभर अंतरावर. आमचा तांब्या माझ्या समोर भरलेला होता. मी तो उचलला नाही. नानांनी पाणी प्यायलं, पेला स्वतः मोरीत नेऊन विसळला, उपडा ठेवला. ह्यांच्या खांद्यावर हात ठेवून निरोप घेत म्हणाले, "येस मी, भाऊ." माझ्याकडे बघून नेहमीसारखे हसले आणि गेले. कोर्टात पुढे जायची परवानगी मागितली नव्हती ती मी, स्वतःच्या घरात परवानगीची वाट पाहत उभी राहिले.

आता नानांच्या डोळ्यांना दिसेनासं झालं आहे, ते पेटीवर बसत नाहीत, असं ऐकते. नाना, तुमचं देणं पैशाचं नाही आणि ते मला फेडायचं आहे. धुळ्याला तुमच्या घरी मी येणार आहे, ह्यांना आणि मुलीला घेऊन. आधी तुमच्या माठातलं पाणी मागून पिईन. मग तुम्हाला जळगावला घेऊन येईन, खापरावरचे मांडे करीन, आणि आमच्या रोजच्या पितळी ताटात, ह्यांच्या शेजारी, सासूबाईंच्या समोर तुम्हाला वाढीन. लवकर येईन असं म्हणत नाही, माझं धैर्य मला ठाऊक आहे. पण येईन.