दुसऱ्या कडव्यातला जास्तीचा ठोका

आधीच सांगते, भूत, आत्मा, करणी यातलं मी काहीही मानत नाही. अमावास्येला शोरूममध्ये जाऊन गिटार घेतलेली बाई आहे मी. आणि इथं, या अनुभवांच्या ग्रुपवर, लिहितेय ते घाबरले म्हणून नाही. डोकं फिरलंय म्हणून लिहितेय.

आमच्या बँडचं नवं सिंगल आलंय, ‘दुसरी पाळी’. शब्द माझे, आवाज माझा, ड्रम्स इरफानचे. नव्या गाण्यांवर लिहिणाऱ्या एका साइटवर कुणा शहाण्यानं त्याचं परीक्षण केलं. म्हणे गिटारचा खरखरीत आवाज जमलाय, शब्द साधे पण खरे, मात्र मागे कारखान्याच्या रेकॉर्ड केलेल्या आवाजाचं सॅम्पल टाकण्याची कल्पना आता शिळी झाली... आणि दुसऱ्या कडव्यात ड्रमर घसरतो, एक ठोका जास्तीचा पडतो! इरफाननं भोळेपणानं खाली उत्तर दिलं की ते सॅम्पल नाही, आम्ही टाकलेलंच नाही. झालं. ‘पब्लिसिटी स्टंट’, ‘भुताचा धंदा’, काय काय कमेंट्स! अरे बाबांनो, आम्हाला साधं पोस्टर धड करता येत नाही, स्टंट कुठून करणार?

तर आता पहिल्यापासून ऐका.

छत्रपती संभाजीनगरात चिकलठाण्याची जुनी औद्योगिक वसाहत आहे. तिथल्या एका बंद कारखान्याची शेड इरफाननं भाड्यानं घेतली आणि आत स्टुडिओ उभारला. शेजारी कुणी राहत नाही, ड्रम्स कितीही बडवा. अडचण एकच होती... त्याच कारखान्यात त्याचे अब्बा, युनूसचाचा, पॉवर प्रेसवर कामाला होते. मोठं मशीन, वरून दणका बसला की पत्र्याचा पार्ट तयार. शेडचा पत्ता कळल्यावर चाचा इरफानला एवढंच म्हणाले, “वहाँ नक्को रे बेटा.” नंतर कधी तिथं फिरकले नाहीत.

का, ते इरफाननं मला सांगितलं होतं. त्या प्रेसवर दोघं असायचे. पाचोडचे भाऊसाहेब पत्रा आत लावायचे, हात बाहेर काढून आरोळी द्यायचे, आणि आरोळी ऐकली की चाचा पायानं पेडल दाबायचे. प्रत्येक जोडीची आरोळी वेगळी, म्हणजे शेजारच्या मशीनशी घोटाळा नको. एक दिवस तयार पार्ट काढायला भाऊसाहेबांनी हात आत घातला आणि दणका बसला. उजव्या हाताची चार बोटं गेली. चाचा जीव तोडून सांगत होते, मी दाबलंच नाही, मशीननं आपोआप दुसरा ठोका मारला. कोण ऐकतो! मालकाच्या माणसांनी ठरवलं, युनूसनं आरोळीच्या आधी पेडल दाबलं. चाचांना घरी बसवलं. मशीन दुसऱ्या दिवशी परत सुरू!! आणि सगळ्यात वाईट म्हणजे भाऊसाहेबांनीही तेच खरं मानलं. एका ताटात जेवणारी माणसं ती. त्यानंतर बोलणं बंद.

आरोळी काय होती, हे मात्र इरफानलाही माहीत नव्हतं. चाचांनी घरात तो विषय कधी काढूच दिला नाही.

गाणं आम्ही दिवसाढवळ्या रेकॉर्ड केलं, रविवारी. पहिलं कडवं असं आहे:

पाळी सुटली, हात धुतले, वास काही जाईना
जालना रोड पुढं पळतो, घर काही येईना

ड्रम्स, बेस, गिटार, आवाज, सगळं वेगवेगळं घेतलं. मग इरफाननं सगळे ट्रॅक एकत्र लावले आणि आम्ही एकमेकांकडे बघायला लागलो. मागून काहीतरी धप्प... धप्प... येत होतं. जड, लोखंडी. आणि प्रत्येक धप्पच्या आधी एक माणूस ओरडत होता.

“हाण युनूस!”

धप्प.

“हाण युनूस!”

धप्प.

इरफानचा चेहरा पांढराफटक. मला वाटलं, कुणीतरी फालतू चेष्टा केलीय. बेसवाल्यावर मी इतकी ओरडले की बिचारा रडकुंडीला आला. मग एकेक ट्रॅक सुटा वाजवला. ड्रम्स स्वच्छ. बेस स्वच्छ. गिटार, आवाज, स्वच्छ. चारही एकत्र लावले की परत “हाण युनूस!” केबल बदलल्या, लॅपटॉप बदलला, माझ्या घरी सिडकोत नेऊन ऐकलं. तेच. बरं, तो आवाज पूर्ण गाणंभरही नाही. दुसऱ्या कडव्यात मी गाते:

डब्यात उरली अर्धी पोळी, खिशात उरला दिवस
गेटवरचा दिवा म्हणतो, उद्या पुन्हा दिस

त्या ‘दिस’वर आरोळी येते, ठोका पडतो आणि लगोलग, आरोळीशिवाय, आणखी एक ठोका. त्यानंतर गाणं संपेपर्यंत काहीच नाही. नुसते आम्ही.

मी म्हटलं, अब्बांना ऐकव. इरफान आधी नाहीच म्हणाला. त्या प्रेसच्या दणक्यांनी चाचांचे कान गेलेत, अगदी तोंडाजवळ जाऊन ओरडलं तरच कळतं. पण गाणं ते हातानं ऐकतात. इरफानच्या लहानपणापासून स्पीकरवर तळवा ठेवून त्याचा ड्रम ‘बघतात’. शेवटी त्यांच्या घरी, दुपारी चहा झाल्यावर, स्पीकर लावला. आम्ही त्यांना काहीही सांगितलं नव्हतं. एक अक्षर नाही.

चाचांनी तळवा ठेवला. पहिल्या ठोक्याला भुवया वर. दुसऱ्याला डोळे मिटले. आणि मग त्यांचे ओठ हलायला लागले... ठोक्याच्या आधी, प्रत्येक वेळी. स्पीकरमधून आरोळी येत होती, जी त्यांना ऐकू येणं शक्यच नाही, आणि बरोबर त्याच क्षणी चाचांचे ओठ म्हणत होते, हाण युनूस. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला, खोटं कशाला बोलू. दुसऱ्या कडव्यात तो जोडठोका आला आणि त्यांनी हात चटका बसल्यासारखा उचलला.

“डबल मारा ना?” ते मोठ्यानं म्हणाले. “बोलो! डबल मारा ना उसने?”

इरफाननं मान हलवली. बहात्तरीचा माणूस, ढसाढसा रडला. मग उठून शर्ट बदलून आला. “पाचोड चलो.”

भाऊसाहेब अंगणात बाजेवर बसले होते. हो, जिवंत! इथंच सगळं गाडं अडतं माझं. मेलेल्या माणसाचा आवाज आला असता तर तुम्हीही दोन मिनिटं हळहळून पुढच्या अनुभवाकडे वळला असता. हा माणूस धडधाकट, समोर बसलेला, रागानं लाल झालेला.

“कशापायी आलास, युनूस?”

चाचांना ऐकू आलं नाही. त्यांनी नुसतं माझ्याकडं बोट दाखवलं. मी म्हटलं, “काका, एक गाणं आहे. संपेपर्यंत ऐका, मग हाकलून द्या.”

“मला नाय ऐकायचं कसलं गाणं-बिणं.”

“ऐकावंच लागेल!” मी जवळजवळ खेकसलेच. एवढ्या वयाच्या माणसावर ओरडायला नको होतं, पण तिथवर जाऊन परत फिरणार नव्हते मी.

मी फोनवर गाणं लावलं. गिटार सुरू झाल्यावर त्यांनी तोंड वाकडं केलं. मग पहिली आरोळी आली. भाऊसाहेब ताठ झाले. बायको ओट्यावर ज्वारी निवडत होती, तिचे हात थांबले. ती म्हणाली, “अहो, हा तर तुमचा आवाज. जवानीतला.”

दुसरं कडवं आलं. आरोळी, ठोका, आणि लगोलग तो दुसरा. भाऊसाहेबांचा बोटं नसलेला हात झटक्यानं मागं गेला. डावा माझ्या फोनकडं आला. “पुन्हा लाव.”

लावलं. परत लावलं. शेवटी ते बाजेवरून उठले, चाचांच्या अगदी कानाशी गेले आणि गल्लीत ऐकू जाईल एवढ्यानं ओरडले, “लई लवकर पडलाय रे दुसरा! पाय उचलून परत दाबायला येळच नाय! तू नाय दाबलं, युनूस! तू नाय दाबलं!”

चाचांनी ऐकलं. त्यांनी तो तुटका हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि कपाळाला लावला. इरफान भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. मी काय करणार, मी त्या काकूंना ज्वारी निवडू लागले.

मग गाणं आम्ही तसंच, त्या आवाजासकट, बाहेर काढलं. आता सांगा, कसलं सॅम्पल? तो कारखाना चालू असताना तिथं कुणी आवाज रेकॉर्ड केला होता? प्रेस तर भंगारात जाऊन वितळलीही असेल. आवाज कुठून आला, सुट्या ट्रॅकमध्ये का नाही, माझ्याच गाण्यात का आला... मला माहीत नाही. माहीत असल्याचं सोंगही करणार नाही. इरफान म्हणतो, शेडला आठवत होतं. मी म्हणते, शेडला काय डोकं असतं? तो हसतो.

एका कार्यक्रमवाल्यानं कळवलंय, तो दुसरा ठोका काढून ‘क्लीन’ गाणं पाठवा, मग बघू. नाही पाठवणार. परीक्षणवाल्या साहेबांनाही सांगते, आमचा ड्रमर घसरलेला नाही, आणि त्याचा बापही घसरला नव्हता. तेवढी ओळ काढा तुमच्या लेखातून.