मी ‘कदाचित’ म्हणाले होते

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. एका बाईला सांगितलं, पण तिचा तर ऐकण्याचा हक्कच होता — ते सांगणं धरू नका. नवऱ्याला नाही, मैत्रिणींना नाही. कामात अडले की ज्यांच्याकडे जाते, त्या माझ्या ज्येष्ठ बाईंना तर नाहीच. आणि माझं काम काय? लोकांना बोलतं करणं.

मी नागपुरात समुपदेशन करते. धरमपेठेत दोन खोल्या आहेत. बाहेरच्या खोलीत लोक येतात, आतल्या खोलीत मी पॉडकास्ट रेकॉर्ड करते — मनाबद्दल, साध्या मराठीत. खिडकीला रजई लावायची, कूलर बंद करायचा, कारण त्याची घरघर माइकमध्ये येते. मे महिन्यात घामाच्या धारा लागायच्या आणि मी अगदी थंड आवाजात ‘स्वतःशी प्रेमाने वागा’ म्हणत असायची.

सुरुवातीला कोणी ऐकत नव्हतं. मी चिंतेवर बोलले, झोपेवर बोलले, रागावर बोलले — आमच्या घरातलेसुद्धा अर्ध्यात बंद करायचे. मग एका भागात मी सहज एका माणसाची हकीकत सांगितली, आणि फोन यायला लागले. तेव्हा समजलं, लोकांना सल्ला नको असतो, माणूस पाहिजे असतो. ही अक्कल आली तेव्हा मला फार आनंद झाला. दर आठवड्याला नवा माणूस आणायचा कुठून, हा प्रश्न तेव्हा मी स्वतःला विचारलाच नाही. विचारायची गरज काय होती? माझ्या समोरच्या खुर्चीत रोज कोणीतरी बसतच होतं.

ती कोराडीहून यायची. नवरा वीज केंद्रात नोकरीला, राहायला कॉलनीत, घरात सासू, नणंद आणि कॉलेजात शिकणारी मुलगी. तिचं नाव सांगणार नाही. पण हे लिहू का, ते या वेळी तिला विचारलंय.

तिचं दुखणं वरवर पाहिलं तर छोटं होतं. ती खोलीत गेली की घरचे बोलायचे थांबतात, असं तिला वाटायचं. विचारलं की नवरा म्हणायचा, तुले भास होतात. सासू म्हणायची, भास होतात. नणंद हसायची. “मॅडम, मले खरंच भास होऊन राहिले काय?” — हा तिचा पहिल्या दिवशीचा प्रश्न. ‘स्वतःवर विश्वास ठेवा’ असं मी तिला कितीदा तरी सांगितलं. त्याचे मी पैसे घेतले.

हळूहळू ती मोकळी झाली. एके दिवशी तिनं मला एक गोष्ट सांगितली, आणि सांगताना ती चक्क लाजली. दळण आणायला म्हणून ती घरातून निघायची. चक्कीवर गहू दळून झाले की डबा घेऊन घरी न जाता थेट बसमध्ये बसायची. बर्डीपर्यंत, म्हणजे नागपूरच्या भर बाजारापर्यंत जायची. तिथं उतरायचं नाही, काही घ्यायचं नाही — त्याच बसनं परत. घरी म्हणायची, चक्कीवर गर्दी होती. “खिडकीपाशी बसते मॅडम. गरम पिठाचा डबा मांडीवर असते. थंडीत तर काय बरं वाटते! कोणी काही मागत नाही.”

तुम्ही वाचलं, तुम्हाला ती बाई दिसली ना? मलाही दिसली. आणि — खरं सांगते — त्याच क्षणी मला पॉडकास्टचा पुढचा भागही दिसला.

मी सगळं नीट बदललं. कोराडीचं मौदा केलं. नवऱ्याला शिक्षक केलं, सासूचा सासरा केला, मुलगी गाळली. डबा मात्र ठेवला. डब्याशिवाय त्या गोष्टीत होतं काय? तिला विचारावं असं मनात आलं होतं, नाही असं नाही. पण विचारलं तर ती नको म्हणेल, हेही माहीत होतं. म्हणून विचारलं नाही.

तो भाग खूप चालला. बायका फोन करून रडल्या. विमानतळाजवळच्या मिहान वसाहतीतल्या एका कंपनीनं मला भाषणाला बोलावलं — विषय होता ‘विश्वास’. मी गेले. छान बोलले.

पुढच्या वेळी ती आली तेव्हा खुर्चीच्या टोकावर बसली. नणंदेनं भाजी निवडता निवडता फोनवर तो भाग लावला होता. “ऐक वं वहिनी, काय मस्त सांगते ही बाई.” घरात कोणाला बसचं माहीत नव्हतं, त्यामुळे कोणाला काही समजलं नाही. ही मात्र हातात मेथीची जुडी धरून तशीच बसून राहिली.

“मॅडम, ती दळणवाली बाई मीच आहो ना?”

एवढंच विचारलं तिनं. आवाजात राग नव्हता. ‘हो’ म्हणायला मला कितीसा वेळ लागला असता? ‘हो, तुम्हीच आहात, माझं चुकलं’ — संपलं असतं. पण मला माझी पाटी दिसली, भिंतीवरची प्रमाणपत्रं दिसली, लोक काय म्हणतील ते दिसलं. आणि मी माझ्या त्या थंड आवाजात म्हणाले, “नाही हो. असं बऱ्याच बायका सांगतात.” तेवढ्यावर थांबले असते तर निदान ते साधं खोटं ठरलं असतं. मी पुढे म्हणाले, “मन दुखरं असलं ना, की प्रत्येक गोष्ट आपल्याबद्दलचीच वाटते.”

मग तिनं हळूच विचारलं, “मग घरचे मले पाहून गप्प होतात, ते बी तसंच असंल काय?”

माझा गुन्हा नेमका इथं आहे. गोष्ट वापरली तो नव्हे, नाही म्हटलं तोही नव्हे — या ठिकाणी. ‘नाही, ते वेगळं आहे’ असं म्हटलं असतं तर माझं पहिलं खोटं लंगडं पडलं असतं. म्हणून मी म्हणाले, “कदाचित.”

तिनं मान हलवली. “माफ करा मॅडम,” म्हणाली, “मी उगाच तुमच्यावर शंका घेतली.” जाताना बाहेर काढलेल्या माझ्या चपला तिच्या पायाला लागल्या, तर त्याही तिनं वाकून सरळ करून ठेवल्या. त्यानंतर ती आली नाही. मीही फोन केला नाही. बरं वाटलं मला — हेही सांगून टाकते. ती आली नाही याचं मला बरं वाटलं.

नंतर किती तरी बायका माझ्याकडे येऊन म्हणायच्या, मी त्या दळणवालीसारखीच आहे. कोणी म्हणे, तिच्यामुळे मी तुमच्याकडे यायची हिंमत केली. मी हसून ऐकायची. त्या बायकांचं भलं झालं, मग कुठे बिघडलं, अशी मी स्वतःची समजूत घालायची. दोन-तीन वर्षं घातली. मग गेल्या हिवाळ्यात एक दिवस ती समजूत पुरेना. मी फोन केला आणि भरदुपारी कोराडीला गेले.

तिनं दार उघडलं, ओळखलं, चहा ठेवला. घरात ती एकटीच होती. मी विचारलं, मुलगी काय करते? म्हणाली, लग्न झालं. चंद्रपूरला दिली. कॉलेज सुटलं.

आणि मग तिनं, घरातली कुठलीही बातमी सांगावी तसं, सांगितलं. घरच्यांची कुजबुज त्या लग्नाचीच होती. मुलीनं शिक्षण पूर्ण करावं असा हिचा हट्ट, म्हणून हिच्यापासून लपवून स्थळ पाहणं चाललं होतं. माझ्याकडून गेल्यावर हिनं सासूची आणि नणंदेची माफी मागितली — माझंच डोकं फिरलं होतं म्हणून. पुढे कोणी बोलता बोलता थांबलं तरी हिनं विचारायचंच सोडून दिलं. साखरपुड्याची तारीख ठरली तेव्हा हिला कळलं. “पोरगी मले म्हणे, आई, तुले काहीच कसं समजलं नाही? मी काय सांगू तिले?”

चहा उतू जायला आला होता. तिनं गॅस बंद केला. तेव्हा मी सांगितलं. उभ्यानंच. ती बाई तुम्हीच होता. मी खोटं बोलले. आणि ‘कदाचित’ म्हणाले तेही स्वतःला वाचवायला.

तिनं गाळणी कपावर धरली होती, ती तशीच बाजूला ठेवली. “म्हणजे मले वाटत होतं ते खरं होतं.”

“हो.”

“दोन्ही.”

“हो.”

“अन् तुम्हाले माहीत होतं.”

“पहिलं माहीत होतं. दुसरं विचारायला पाहिजे होतं. मी विचारलं नाही.”

तिला आधी कळलं असतं तर लग्न थांबलं असतं का? मला माहीत नाही. कदाचित — हा शब्द आता माझ्या तोंडून नीट निघत नाही — कदाचित नसतं थांबलं. पण ती भांडली असती. मुलीला दिसलं असतं की आई भांडते आहे.

तिनं मला बसा म्हटलं नाही. चहाही दिला नाही. मी दारापर्यंत आले तेव्हा ती मागून म्हणाली, “मॅडम, मले तुमचा लई राग येऊन राहिला.” मी वळून पाहिलं. ती माझ्याकडे रोखून पाहत होती, पहिल्यांदाच. मी काही म्हणायला तोंड उघडलं, तर म्हणाली, “काही समजावू नका. मले समजते.”

मी पायऱ्या उतरून खाली आले. तो भाग मी काढून टाकला. पॉडकास्ट बंद केला नाही. हे लिहायचं म्हणून तिला विचारायला फोन केला, तर ती म्हणाली, “लिहा,” आणि ठेवून दिला.