बैल पारखणाऱ्याची पिकअप

काय सांगू तुम्हाला, अशी फजिती माझी आयुष्यात एकदाच झाली. मीच सांगतो. गावातले लोक तिला फार मीठमसाला लावतात.

मी जासईचा. शाळा दुसरीपर्यंत. पण बैल पारखावा तर मीच! दात, खूर, पाठीवर एक थाप. संपलं. बाजाराला निघालेला माणूस आधी आमच्या दारात यायचा, "नाना, चला."

पुढे सगळीकडे इमारती उठू लागल्या, विटा वाहायची कामं आली. मी बैलजोडी विकली. जुनी पिकअप घ्यायची ठरवली. गाडी चालवायला शिकलोच होतो.

माझा मेहुणा गॅरेजात कामाला. म्हणाला, "भावजी, मी येतो बघायला."

"कशाला? मला डोळे नाय?"

एकटाच कळंबोलीला गेलो. गाडीचा मालक तुकाराम, साताऱ्याकडचा. गाडी उतारावर, नाक खाली करून उभी. मी टायर पाहिले; ते खूर. खाली वाकून चेसी पाहिली, तो कणा. मग बॉनेटवर हात ठेवला. गरम!

"काका, एक सांगायचं हुतं..."

"गप. अंग गरम हाय, म्हंजे आत्ताच कामावरून आलीय. आळशी नाय."

"व्हय, पर ही सुरू कराय..."

"मला शिकवतोस? चालवून दाखव."

तो आत बसला, ब्रेक सोडला. गाडी गपचूप घरंगळली, एक हिसका बसला आणि धडधडायला लागली. बघितलंत? हाक नाही, चाबूक नाही, आपणहून निघाली! इतकं गुणी जनावर मी जन्मात पाहिलं नव्हतं.

"काका, आता तरी ऐका..."

"किंमत वाढवनार असशील तर तोंडच उघडू नको."

त्याने पैसे मोजून घेतले. मी ऐटीत गाडी थेट दारात आणून बंद केली.

सकाळी पूजा. झेंडूची माळ, नारळ. बैलाला ओवाळावं तसं बायकोने गाडीला ओवाळलं. अख्खी आळी जमली, मेहुणाही आला. आठला वीटभट्टीवर पोचायचं होतं, नाहीतर काम दुसऱ्याला जाणार होतं. मी चावी फिरवली.

टक.

पुन्हा फिरवली. टक.

"अवो, पेंड घालू का तिला?" बायको म्हणाली. आळी हसली.

मेहुण्याने बॉनेटसुद्धा उघडलं नाही. "भावजी, सेल्फ गेलाय. चावीनं सुरू होनार नाय. ढकला, नायतर उतारावरून सोडा. त्यानं उभी कुठं केलेली?"

मी माळ सारखी करायला लागलो.

माळ घातलेली गाडी आळीने भट्टीच्या वाटेवर ढकलली. काम वाचलं. पण विटा भरून होईपर्यंत इंजिन बंद करायची माझी छाती झाली नाही.

संध्याकाळी तुकारामला फैलावर घ्यायला गेलो. त्याने हात जोडले. "काका, तीनदा त्येच सांगत हुतो. तुमी बोलू दिलं का?"

त्याने चहा सांगितला. प्यायलो आणि आलो.

आता नवा सेल्फ बसवायचा तर मेहुण्याचे पाय धरायचे. छे! मी दारापुढे चार गाड्या मुरूम टाकला, धुम्मस मारून चांगला उंचवटा केला. रोज गाडी त्यावर चढवायची, सकाळी सोडायची. आठ वर्षं एक दिवस खाडा नाही. पारख चुकली म्हणता?

गाडी कधीच भंगारात गेली. उंचवटा तसाच आहे. कुणी पाहुणा माझं घर विचारू लागला, की गावातली माणसं सरळ तोंड करून सांगतात, "ते काय, नानांच्या घाटापाशी."