रुमालकाकांचं पोतं

माझे वडील पाणीखात्यात आहेत, एवढंच मी दुकानात सांगितलं होतं. त्यात खोटं काही नव्हतं. आमच्या मालकांनी त्यावरून ते कुणी बडे साहेब असतील असं परस्पर धरलं, आणि ‘वडिलांना सांगून आमच्या गल्लीतलं पाणी जरा बघा’ असं मला दोनदा म्हणाले. मीही दोन्ही वेळा ‘सांगते’ म्हणाले. आज ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

बाबा पाणीखात्याच्या जीपवर ड्रायव्हर होते. पठारावरच्या पंपघरात माणसं आणि सामान पोचवायचं, कामाची पाळी संपली की माणसं परत आणायची, हे त्यांचं काम. वाट कच्ची, खडीच्या खाणींना वळसा घालून वर चढणारी. एक डंपर गेला की धूळ पाच-पाच मिनिटं जागची हलत नसे. खात्यात त्यांना सगळे रुमालकाका म्हणत. खिशात कायम दोन रुमाल, एक स्वतःचा आणि एक जीपच्या दिव्यांचा. गाडी थांबली की आधी उतरून दिवे पुसायचे, मग तोंड. कधी रुमालांची अदलाबदल व्हायची आणि कपाळावर काळा पट्टा घेऊन बाबा दिवसभर हिंडायचे. लोक हसायचे, तेही हसायचे. सत्तावीस वर्षांत त्यांच्या हातून साधा आरसासुद्धा फुटला नव्हता. हे ते स्वतः कधी सांगत नसत. आई मात्र भाजीवाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांना सांगायची.

दिव्याच्या बाबतीत ते कुणाचं ऐकत नसत. घरामागे आमची पत्र्याची शेड होती. नवा दिवा आणला की तो तिथे बॅटरीला जोडायचा, दार-खिडकी बंद करून भरदिवसा अंधार करायचा आणि दिव्यासमोर सिमेंटचं रिकामं पोतं झटकायचं. शेडभर धूळ. मग स्टुलावर बसून पलीकडच्या भिंतीवरची खडूची फुली दिसते का ते बघायचं. कॉलेजात असताना पोतं झटकायचं काम माझ्याकडे होतं. खोकून खोकून जीव जायचा.

“काय दिसतं?” बाबा विचारायचे.

“उजेडच उजेड दिसतोय, बाबा. भारी आहे!”

“मग बाद. आपल्याला उजेड बघायचा नाहीये, फुली बघायचीये.”

माझं दिव्यांचं सगळं शिक्षण हे एवढंच. पांढरा झगझगीत दिवा धुळीत भिंतीसारखा उभा राहतो, पिवळा पसरट दिवा खाली बंपरपाशी लावला तर धुळीच्या खालून रस्ता दाखवतो, हे मी त्या स्टुलावर बसून पाहिलं होतं. मुलाखतीत हेच बोलले म्हणून मला दुकानात नोकरी लागली. कुणी शिकवलं ते मालकांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

दुकान गाड्यांच्या सजावटीचं. काचेची भिंत, गारेगार हवा, आणि एका बाजूला ओळीने एलईडी दिवे: चौकोनी, गोल, आणि टपावर लावायची ती लांबच लांब पट्टी. डोंगरात गाड्या घेऊन जाणारे हौशी लोक यायचे आणि पट्टीच्या प्रेमात पडायचे. मी गळ्यात दुकानाचं ओळखपत्र अडकवून त्यांच्याशी ल्युमेनच्या, म्हणजे उजेडाच्या मापाच्या, गप्पा मारायचे. मला फार भारी वाटायचं.

आणि एका दुपारी काचेचं दार ढकलून खात्याचे एक साहेब आत आले. त्यांच्या मागून बाबा. काखेत पोतं.

पठारावर आता हिवाळाभर संध्याकाळच्या फेऱ्या वाढणार होत्या म्हणून जीपला जास्तीचे दिवे मंजूर झालेत, हे बाबांनी घरी सांगितलं होतं. पण ते माझ्याच दुकानात येतील असं मला वाटलं नव्हतं. त्यांनी मला पाहिलं आणि त्यांचा चेहरा असा फुलला की काय सांगू. कपाळावर तो काळा पट्टा होताच. माझ्या शेजारी मालक उभे होते. बाबा तोंड उघडणार, तेवढ्यात मी कॅटलॉगमध्ये डोकं खुपसलं आणि साहेबांना म्हटलं, “या सर, काय दाखवू?”

मी मान वर केली तेव्हा ते हसू अजून तिथेच होतं, पण आता ते कुणासाठीच नव्हतं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मालकांकडे पाहिलं. मग रुमाल काढून कपाळ पुसलं.

“मॅडम,” ते म्हणाले, “जीपला दिवे हवेत. धुळीचा रस्ता आहे.”

मॅडम! ज्या माणसाने मला सायकल शिकवताना अख्ख्या गल्लीत ‘अगं ढबे, ब्रेक दाब’ म्हणून ओरडा केला होता, तो माणूस मला मॅडम म्हणत होता. तेव्हाच मी म्हणायला हवं होतं, अहो बाबा, हे काय? चार शब्दांचं काम. माझी जीभ टाळ्याला चिकटली. खरं सांगायचं तर चिकटली नाही, मी चिकटू दिली. वर मनात सुटल्यासारखंही वाटलं.

साहेबांना टपावरची पट्टी आवडली. आवडणारच. मालकांनी ती पेटवली आणि भरदुपारी समोरची भिंत पांढरीफटक झाली.

“टपावर नको, साहेब,” बाबा म्हणाले. “बॉनेटवर तिची चमक येते, डोळे दिपतात. आणि धुळीत काही दिसत नाही. मागे वर्कशॉप असेल ना? शटर पाडून बघू या. मी पोतं आणलंय.”

“पोतं?” मालक म्हणाले. “काका, दिवे घ्यायला आलात की बटाटे?”

साहेब हसले. दुकानातले दोघे-तिघे हसले. मीही हसले. कुणी मला हसायला लावलं नव्हतं.

“तुम्ही सांगा मॅडम,” साहेब मला म्हणाले. “तुम्ही यातल्या जाणकार.”

बाबा माझ्याकडे बघत होते. त्यांना खात्री होती, हे मला आजही दिसतं. ओळख दिली नाही तर नाही, पण दिव्याबाबत पोरगी खरं तेच बोलेल, एवढी खात्री होती. मालकही माझ्याकडे बघत होते. आणि मी बापाला म्हणाले, “काका, आता तंत्रज्ञान खूप पुढे गेलंय. पोती झटकायचे दिवस गेले.”

“बरं मॅडम,” बाबा म्हणाले. त्यांनी पोत्याची नीट घडी घातली आणि ते पट्टी बसवून होईपर्यंत बाहेर जीपपाशी जाऊन उभे राहिले.

त्या संध्याकाळी मी घरी गेले तेव्हा बाबा नेहमीसारखे जेवत होते.

“यांच्या जीपला आज तुझ्याच दुकानात दिवे बसवले म्हणे,” आई म्हणाली. “मग भेटलात की नाही बापलेक?”

मी ताट घ्यायला वळले. बाबाच म्हणाले, “गर्दी होती गं. तिला कुठला वेळ!”

दुसऱ्या दिवशी आई मशीनवर बसून तेच पोतं कापत होती. टपावरच्या पट्टीला खोळ शिवायची होती. “बघ की,” ती मला म्हणाली, “असला कसला दिवा यांच्या गळ्यात मारलाय कुणी. लावला की समोर पांढरं सोडून काही दिसत नाही म्हणे. झाकूनच ठेवणार आहेत. तू तेव्हा मोकळी असतीस तर असं होऊ दिलं नसतंस.” मशीन खडखडत राहिलं. बाबा ओट्यापाशी चहा गाळत होते, त्यांनी वळूनसुद्धा पाहिलं नाही. मी सुईत दोरा ओवून दिला. माझ्या हातून तेवढंच झालं.

महिनाभर मी रोज ठरवायचे की आज बाबांशी बोलायचं. ते इतके नेहमीसारखे वागायचे की विषय काढायला जागाच सापडत नसे. निदान मी स्वतःची तशी समजूत घालायचे. एकदा रागावले असते, दोन शब्द बोलले असते, तर बरं झालं असतं. पण त्यांनी माझा डबा भरला, माझ्या स्कूटरची हवा बघितली, आणि जाताना तिचा दिवा पुसला.

मग एका सकाळी ते साहेब पुन्हा दुकानात आले. तावातावाने नव्हे, ओशाळल्यासारखे आले. आदल्या दिवशी, अंधारून येताना, ते स्वतः जीपमधून पठारावरून परत येत होते. खोळ बघून चिडले, सरकारी वस्तू झाकून का ठेवली म्हणाले, आणि ती काढायला लावून पट्टी पेटवायला लावली. पुढून डंपर गेला आणि समोर पांढरा पडदा. बाबांनी जागीच ब्रेक दाबला म्हणून निभावलं. धूळ बसल्यावर पाहिलं तर पुढचं चाक खाणीच्या कडेला, वीतभर जमीन शिल्लक. जीपमध्ये सहा माणसं होती.

त्याच रात्री बाबा घरी आले, जेवले, झोपले. घरात एक अक्षर बोलले नव्हते.

“ही पट्टी काढा,” साहेब मालकांना म्हणाले, “आणि आमचे रुमालकाका म्हणतील ते बसवा. चूक माझीच. काका तर इथे येताना रस्ताभर सांगत होते, साहेब, त्याच दुकानात चला, तिथे माझी मुलगी आहे, तिला दिव्यातलं माझ्यापेक्षा जास्त कळतं. आणि नेमकी ती त्या दिवशी रजेवर!”

“रजेवर?” मालक म्हणाले.

“हो ना. परत जाताना मी विचारलं, तुमची मुलगी कुठे दिसली नाही? तर म्हणाले, आज रजेवर आहे, ती असती तर तिनेच पोतं झटकून दाखवलं असतं. आज आली असेल तर तिला बोलवा जरा.”

मालकांनी दुकानभर नजर फिरवली. आमच्या दुकानात मुलगी एकच होती.

“मीच ती,” मी म्हणाले. “रुमालकाका माझे वडील आहेत. मी रजेवर नव्हते. मी इथेच उभी होते.”

साहेबांनी मान खाली घातली.

“ते आहेत कुठे?” मी विचारलं.

“बाहेर. आत चला म्हटलं तर म्हणाले, गाडीपाशी कुणीतरी हवं.”

काचेतून दिसत होते. पुढच्या चाकापाशी वाकून, रुमालाने दिवा पुसत होते. दुकानाकडे पाठ होती. मी दार ढकलून बाहेर गेले आणि मला आला तेवढ्या मोठ्या आवाजात हाक मारली, “बाबा!”

ते दचकून वळले. आधी त्यांनी माझ्या खांद्यावरून मागे, उघड्या दाराकडे पाहिलं. मग घाईघाईने जवळ आले आणि खालच्या आवाजात म्हणाले, “अगं, हळू बोल. तुझे मालक ऐकतील.”